डाळिंबाची कैफियत

सांगोल्याकडील कोरडवाहू मुलखातून भगव्या डाळिंबांची आवक वाढली की बाजारात त्या फळाच्या गुणांचा जो पुकारा होतो, त्याच्या मुळाशी सत्याचा काही अंश आहे, आणि तो नेमका किती याची छाननी या अंकात करावी, असे आम्ही योजिले आहे.

डाळिंबाच्या सालीत व रसात प्युनिकॅलाजिन नामक जे तुरट द्रव्य असते, त्यापासून पोटात इलॅजिक आम्ल होते. हे आम्ल रक्तात अत्यल्पच शोषले जाते, आणि म्हणून ते वाया गेले असे वाटावे, तोच मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजंतू त्याचे रूपांतर युरोलिथिन वर्गातील द्रव्यांत करतात. त्यांपैकी युरोलिथिन-ए याने, मुद्दाम आंत्रदाह उत्पन्न केलेल्या उंदरांत, दाह शमविला व आतड्याच्या अस्तरपेशींमधील सांधे बळकट केले, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे. मात्र हे सूक्ष्मजंतू प्रत्येकाच्या उदरात रुजू असतातच असे नाही. एकाच ताटातले डाळिंब एकाला हे द्रव्य देते, दुसऱ्याला देत नाही.

अतिसारावर डाळिंबाचे दाडिमाष्टक चूर्ण देणाऱ्या वैद्यांचा अनुभव आम्ही हलका लेखीत नाही. पण साधा अतिसार निराळा, आणि व्रणयुक्त बृहदांत्रदाह किंवा १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेला आतड्याचा दाहविकार निराळा. उंदरांचा दाखला मनुष्याच्या औषधाला तूर्त पर्याय नव्हे. आतड्याचा मार्ग अरुंद झालेल्या रुग्णांना तर डॉक्टर पुष्कळदा बिया वर्ज्य सांगतात, आणि तेथे फळवाल्याची शिफारस ग्राह्य नाही. या अंकातील पहिला लेख अशाच रुग्णांच्या आहाराविषयी आहे.