पोलीस पाटील निवडून द्यावा काय?

अमेरिकेत काउंटीचा शेरीफ बहुधा मतपेटीतून येतो, हे वाचून आपल्याकडे अधूनमधून कुणाला तरी हेवा वाटतो. (मुंबईचा शेरीफ निव्वळ मानाचा, तो येथे सोडून देऊ.) त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) भेटणारा पाटील वतनदार होता. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाची वंशपरंपरा संपवली. आता त्याला प्रांताधिकारी नेमतात. सरपंच थेट निवडला जातो, मग गुन्ह्याची खबर ठाण्याला देणारा हा माणूस का नको?

अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा आठवावे. जामखेड तालुक्यातील या गावी २०१४ साली एका दलित तरुणाची हत्या झाली. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली सर्व आरोपी निर्दोष सुटले. जेथे साक्ष देणेच इतके अवघड, तेथे बहुसंख्यांच्या मतांवर आलेला पाटील कुणाविरुद्ध खबर देईल? वतन कायद्याने गेले. जातीचा दरारा मात्र मतदानातूनही परतू शकतो. नेमणुकीत वशिला चालतो ही तक्रार मी खोटी म्हणत नाही. त्यासाठी लेखी परीक्षेचे आणि मुलाखतीचे गुण चावडीवर लावावेत. वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या चार घरांसाठी तरी हे पद निवडणुकीबाहेर राहू द्यावे.