पाठवणीची तारीख कोण ठरवणार?

मुलीला सासरी कधी पाठवायचं, याचे आपल्याकडचे हिशेब जुने आहेत. आषाढ बघायचा, अधिक महिना बघायचा, मूळ कोण येणार ते बघायचं. आमच्या देवगडात त्यात आंब्याची भर. मार्च ते मे या दिवसांत घरात माणूस कमी करायला कोणी तयार नसतं. आंबा निवडायचा, अढी घालायची, पेट्या भरायच्या. ही कामं कुणाच्या हातची आहेत हे वेगळं सांगायला नको. तेव्हा नवी सून परदेशी जाणार असली तरी 'आंबा उरकू दे, मग जाऊ दे' हे ठरलेलंच. आणि नवऱ्याने बोलावलं की मात्र उद्याच्या उद्या निघायचं. मुलीची आई आम्हाला सांगते, "घोव बोलवता तेवा जावक व्हया." तारीख मुलीने ठरवावी, हे या सगळ्यात कुणाच्या डोक्यातच येत नाही.

पण अमेरिकेला जाणाऱ्या मुलीच्या बाबतीत ही एक तारीख पुढच्या दोन वर्षांचं तिचं जिणं ठरवू शकते. आपल्या गटांतल्या कार्यकर्त्यांनाही हे फारसं माहीत नसतं, म्हणून हे लिहिते आहे.

नवरा अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल आणि त्याने बायकोसाठी अर्ज केला असेल, तर मुंबईच्या वकिलातीतून तिला कायम वास्तव्याचा व्हिसा मिळतो. तो साधारण जास्तीत जास्त सहा महिने चालतो, वैद्यकीय तपासणीची मुदत आधी संपत असेल तर त्याहून कमी. त्या मुदतीत ती ज्या दिवशी तिथे उतरेल, त्या दिवसापासून ती कायम रहिवासी. आता मेख इथे आहे. 1986 च्या कायद्याप्रमाणे, उतरण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर तिला दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं. झालेली असतील तर दहा वर्षांचं, बिनशर्त. अर्ज कधी केला, व्हिसा कधी मिळाला, याला इथे महत्त्व नाही. उतरण्याचा दिवस मोजतात.

समजा लग्न 20 मे 2024 चं आहे आणि व्हिसा फेब्रुवारी 2026 मध्ये मिळाला, जुलैपर्यंतचा. एप्रिलमध्ये स्वस्त तिकीट मिळालं म्हणून ती गेली, तर कार्ड दोन वर्षांचं. मे अखेरीस गेली, तर दहा वर्षांचं. (इथे सासूच्या आंब्याने नकळत सुनेचं भलंच केलं असतं!)

दोन वर्षांचं कार्ड म्हणजे काय? मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत अट काढून टाकण्यासाठी अर्ज करायचा आणि त्यावर दोघांनी सह्या करायच्या. म्हणजे तिचं तिथलं राहणं नवऱ्याच्या एका सहीवर टांगलेलं. 'सही करणार नाही, परत पाठवीन' एवढं वाक्य हातात असलं की काही नवऱ्यांना हात उगारायचीही गरज पडत नाही. लग्न खोटं नाही हे सिद्ध करण्याच्या नावाखाली सरकारनेच बाईला दोन वर्षं उमेदवारीवर ठेवलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

याला वाटा आहेत, त्या बायकांना ठाऊक हव्यात. मारहाण किंवा छळ होत असेल, किंवा घटस्फोट झाला असेल आणि लग्न मुळात खरं असेल, तर ती एकटीने अर्ज करू शकते. छळ झालेल्या बाईसाठी ही सवलत 1990 च्या कायद्याने आली. त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही आणि मुदत संपायची वाटही पाहावी लागत नाही. पुरावा मात्र लागतो, आणि बँकेचे कागद, घराचा करार, सगळं बहुधा त्याच्याच कपाटात असतं.

हे असंच असायला हवं असं मुळीच नाही. कॅनडाने ऑक्टोबर 2012 मध्ये नव्या जोडप्यांवर अशीच दोन वर्षांची अट घातली होती. ती बायकांना छळणाऱ्याच्या घरात अडकवते, असं तिथल्या स्त्री-संघटना सांगत राहिल्या आणि एप्रिल 2017 मध्ये ती रद्द झाली. ब्रिटनमध्ये साउथॉल ब्लॅक सिस्टर्सच्या लढ्यानंतर 1999 मध्ये छळ सोसलेल्या बायकांना सवलत मिळाली. अमेरिकेत अट अजून कायम आहे.

आणखी एक प्रकार दिसतो. 'व्हिसा संपायच्या आत नुसता शिक्का मारून ये, मग परत ये, इथे आईला बघायला कोणी नाही.' मुलगी दोन आठवडे जाऊन येते आणि सासरी राबते. पण दोन वर्षांचं घड्याळ पहिल्यांदा उतरली त्या दिवसापासून चालू झालेलं असतं. एकत्र संसाराचा पुरावा तयार होत नाही. वर्षाहून जास्त बाहेर राहायचं तर त्याचा परवाना तिथे असतानाच मागावा लागतो. कार्ड टपालाने तिथल्या पत्त्यावर जातं, म्हणजे नवऱ्याच्या हातात. परदेशी नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या तक्रारी राष्ट्रीय महिला आयोग 2009 पासून पाहतो आहे, पण तिथवर जायची वेळ येऊच नये.

'लग्न झालं नाही तोच मोडायचा विचार?' असं आम्हाला विचारतात. मुलीच्या अंगावर सोनं घालताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. ते तिच्या अडीअडचणीसाठीच असतं ना?

प्रत्येकीने थांबावंच असं मी म्हणत नाही. कुणाला सासरचे दोन महिने दोन वर्षांसारखे असतात, कुणी गरोदर असते, कुणाची व्हिसाची मुदतच आधी संपते. आणि नवऱ्याच्या नोकरीवरून कुटुंबाला ग्रीन कार्ड मिळत असेल तर ही अट लागतच नाही. पण तिकीट काढण्याआधी लग्नाची तारीख आणि व्हिसाची मुदत शेजारी शेजारी लिहून मुलीने स्वतः बघायला हवी, आणि बघितल्यावर तिचं म्हणणं घरात ऐकलं जायला हवं.

ग्रामसेवक किंवा नगरपंचायतीकडून मिळणाऱ्या दाखल्यावर लग्नाची आणि नोंदणीची अशा दोन तारखा असतात. मोजायची ती लग्नाची. व्हिसावर 'सीआर' असं छापलेलं असलं आणि उतरताना दोन वर्षं पूर्ण झाली असली, तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला दाखला दाखवून 'आयआर' अशी नोंद करायला सांगता येतं. तेव्हा दाखला हातातल्या पर्समध्ये ठेवावा, मोठ्या बॅगेत नको. एक प्रत आईकडे राहू द्यावी.