गोपनीय, पण मोठ्या आवाजात

मिरज म्हणजे वैद्यकनगरी. कर्नाटकातून माणसं इथे दुखणी घेऊन येतात नि बरी होऊन जातात, असं आम्ही सांगलीकर छाती फुगवून सांगतो. मीही सांगायचो. मग हर्नियासाठी एका नामांकित दवाखान्यात गेलो. ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि काउंटरवरच्या मुलीने भरल्या वेटिंगमध्ये हाक दिली, "ते एचआयव्हीवाले कोण?" तिच्या डोक्यावर पाटी : 'रुग्णाची माहिती गोपनीय ठेवली जाते.' खोटं कशाला बोला, पाटी स्वच्छ पुसलेली होती.

डॉक्टरसाहेब परमसात्त्विक. फाइलवर लाल पेनाने ठसठशीत गोल. हातमोजे एकावर एक दोन. कशासाठी? तर मला रिपोर्टचा कागद द्यायला! "आमच्याकडे या केसची सोय नाही, पुण्याला जा." कसली सोय? हर्निया शिवायला आधी विषाणूचं गोत्र जुळवावं लागतं काय? आणि रांगेत माझ्यामागे बसलेले, ज्यांचा रिपोर्ट विंडो पिरियडमुळे, म्हणजे लागण ताजी असल्याने, निगेटिव्ह आलाय, त्यांना साहेब कुठल्या भरवशावर चिरणार? खबरदारी सगळ्यांच्या रक्ताची घ्यायची, हे नर्सिंगच्या मुलींना शिकवतात. सर्जन झाल्यावर विसरायची परवानगी मिळत असावी.

१९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझाने रक्तदान केलं नि तपासणीत एचआयव्ही निघाला. सरकारने त्याला पोलिसांकरवी उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस कोंडलं. अमानुषच. पण निदान तोंडावर. आमच्याकडे हसत हसत पुण्याचा रस्ता दाखवतात.

घरी पोचतो तोच साताऱ्याहून आत्याचा फोन. माझी गोपनीय बातमी मिरजेहून साताऱ्याला पोचलीसुद्धा. कोयना एक्सप्रेसला हे कधी जमेल? आत्याचा एकच प्रश्न : "कुणाकडनं लागलं रे?" मामंजींना शुगर निघाली तेव्हा 'कुठल्या दुकानाचे कंदी पेढे?' असं काही हिने विचारलं नव्हतं. तर ऐका, आत्यालाही सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. रक्त चढवताना म्हणालो तर मी 'बिचारा', दुसरं काही म्हणालो तर 'भोग आपल्या कर्माची फळं'. गोळी मात्र दोघांनाही एकच.

गोळीही खरंच एकच. रात्री जेवण झालं की एक, संपला विषय. सरकारी एआरटी केंद्रात फुकट मिळते, एचआयव्हीचे उपचारच तिथे २००४ पासून फुकट. डबीत तीस, पिशवीत खुळखुळतात म्हणून मी कापूस कोंबतो. विषाणू दबला आणि दबलेला राहिला, की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जातच नाही. हे जगभर सिद्ध झालंय, फक्त वैद्यकनगरीच्या वेशीवर अडलंय.

आणि हे सगळं कुठून पसरलं, यावर सभ्य मंडळींचं बोट आजही गोकुळनगरच्या वेश्यावस्तीकडेच. दिवसा बोट, रात्री पाय! त्या वस्तीतल्या बायकांनी मात्र 'संग्राम' संस्थेबरोबर १९९२ पासून कंडोम वाटले, गिऱ्हाइकांना वापरायला शिकवले, १९९६ साली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. गिऱ्हाइकांची एखादी परिषद कुणाच्या ऐकिवात आहे? पदाधिकारी तर गावागावांत मिळतील.

एआरटी केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी आणखी एक औषध दिलं : कायदा. २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायचे नाहीत, संमतीशिवाय कुणाला सांगायचं नाही. वीस किंवा जास्त माणसं काम करत असतील त्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमलेला हवा.

गेलो परत. "तक्रार अधिकारी कोण?" असं हळूच विचारलं. काउंटरवरची मुलगी गोंधळली, पण कर्तव्यदक्ष. उठून आतल्या दाराशी गेली आणि आख्ख्या वेटिंगला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "सर, ते एचआयव्हीवाले आलेत. त्यांचं गुपित फुटलं म्हणून तक्रार आहे."