वलगणीच्या माशांना वाट द्या

मृगाचा पाऊस दोन-तीन दिवस लागून राहिला, की नागोठण्याच्या आसपास रात्री ओढ्याकाठी बत्त्या हलू लागतात. कुणी पाग, कुणी जाळे, कुणी नुसती कोयती घेऊन वलगणीच्या माशांमागे निघतो. गाबोळीने भरलेल्या माशाचे कालवण वर्षातून एकदाच मिळते, त्यामुळे उत्साह समजण्यासारखा आहे. पण हा मासा धारेविरुद्ध का येतो, याचाही विचार व्हायला हवा.

सह्याद्रीतून निघालेली आंबा नदी जांभूळपाडा, पालीवरून नागोठण्याला येते आणि पुढे धरमतरच्या खाडीत शिरते. नदीच्या प्रवाहात सोडलेली अंडी खाऱ्या पाण्याकडे वाहून जाण्याचा धोका असतो आणि गोड्या पाण्यातील माशांच्या अंड्यांना खारेपणा सोसत नाही. वरच्या ओढ्यांत आणि भातखाचरांत मात्र पाणी उथळ व संथ असते, पिलांना सूक्ष्मजीवांचे खाद्य मिळते आणि मोठे शिकारी मासे कमी असतात. म्हणून ही चढण.

ती सोपी नसते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. मासा डोक्याकडून शेपटीकडे स्नायूंची लाट सोडतो आणि पाणी मागे ढकलून पुढे सरकतो. अंगाच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्वरेषेमुळे त्याला प्रवाहाचा अंदाज येतो. पावसाने पाणी गार व गढूळ झाले, धार वाढली, की शरीरातील संप्रेरके प्रजननाची वेळ झाल्याचे सांगतात. मरळीसारखे मासे हवेतूनही श्वास घेतात आणि ओल्या गवतावरून सरपटत दुसऱ्या खाचरात उतरतात.

म्हणजे चढताना पकडलेली मादी अंडी घालण्यापूर्वीच संपते. समुद्रात पावसाळी मासेमारीबंदी असते. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची कोळ्यांची रीत तर त्याहून जुनी. ओढ्यांवर मात्र अशी शिस्त दिसत नाही. दोष घरापुरते चार मासे नेणाऱ्या कातकरी कुटुंबाचा नाही. ओढा या काठापासून त्या काठापर्यंत जाळ्याने बंद करणे, पाण्यात विजेचा झटका देणे किंवा विषारी पूड टाकणे, हे खरे नुकसान. माशांना चढायला पायऱ्या नसलेले बंधारेही त्यात भर घालतात.

उपाय अवघड नाहीत. पहिल्या पुराचे काही दिवस हात आवरावा, निम्मा ओढा नेहमी मोकळा ठेवावा, नव्या बंधाऱ्याच्या आराखड्यात माशांची वाट मागावी. ग्रामसभेने मनावर घेतले तर एवढे सहज जमेल. अंडी घालून उतरणारा मासा पुढे पकडता येतोच. चढणारा सगळाच पकडला, तर पुढच्या मृगात बत्ती घेऊन जायचे कशासाठी?