कोरड्या हवेतले मार्क आणि मुलचेऱ्याचा पाऊस

छपाईच्या चार शायांपैकी जी निळी असते, ती बहुतेक वेळा कॉपर थॅलोसायनिनची असते. म्हणजे हा अंक रंगीत छापला असेल, तर तो पदार्थ या क्षणी तुमच्या हातात आहे! १९२८ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रंगकारखान्यात भांड्याचा मुलामा तडकला, लोखंड आतल्या पांढऱ्या मालात मिसळलं आणि निळसर कण दिसले. पुढे त्यातून रंगांची एक अख्खी जात उभी राहिली. मध्ये धातूचा अणू आणि भोवती सपाट कडं, अशी या रेणूची ठेवण.

मागच्या वर्षी टीईच्या मिनी प्रोजेक्टला आम्ही याच निळ्या पदार्थाचा सेन्सर केला. कंगव्यासारख्या इलेक्ट्रोडवर पातळ थर, त्यावर सिलिंडरची कोरडी हवा आणि हवेसोबत थोडी अल्कोहोलची वाफ. तत्त्व सोपं आहे. हवेतला ऑक्सिजन या थरातून इलेक्ट्रॉन ओढतो, मागे ‘होल’ राहतात आणि त्यांच्यामुळे प्रवाह वाहतो. अल्कोहोलचे रेणू इलेक्ट्रॉन देऊ पाहणारे. ते मधल्या धातूपाशी येऊन बसले की ऑक्सिजनची जागा जाते, होल कमी होतात, प्रवाह उतरतो. ग्राफ झकास आला. परीक्षक खूश, मार्क चांगले. रिपोर्टात ‘उपयोग’ या मथळ्याखाली मी ऐटीत लिहिलं : ‘ग्रामीण भागात साठवलेल्या वनोपजाची तपासणी.’

त्या ‘ग्रामीण भागात’ मी जुलैमध्ये गेलो. म्हणजे घरी, मुलचेऱ्याला. मोह म्हटलं की सगळ्यांना दारूच आठवते, आणि गडचिरोली जिल्ह्यात तर १९९३ पासून दारूबंदी आहे. पण आमच्याकडे मोहफूल हे खाण्याचं आणि चार पैशांचं साधन आहे. मार्च-एप्रिलमध्ये वेचायचं, वाळवायचं, साठवायचं. पावसाळ्यात त्याला ओल लागली की ते आंबतं, बुरशी धरतं आणि भाव पडतो. आंबताना अल्कोहोलची वाफ सुटते. ती आधी कळली तर माल वाचेल, हा माझा हिशेब.

डबी पोत्याशेजारी ठेवली. पाऊस आला, आकडा हलला. पाऊस थांबला, पुन्हा हलला. आईने भाताच्या गंजावरचं झाकण काढलं, तेव्हा तर अलार्मच वाजला! आई पोत्यात हात घालून म्हणाली, “तुह्या डबीले काय इचारतं रे? खालच्या फुलाले ओल लागली, वास येऊन रायला.” फुलं पसरली. खालची खरंच ओली होती. वरच्या फुलांना डबी ‘खराब’ म्हणत होती, ती ठणठणीत.

चूक कुठे झाली ते कागदावर मांडलं तेव्हा लाज वाटली. ३० अंश सेल्सिअसला हवेत पाण्याची वाफ जास्तीत जास्त सुमारे ४२ हजार पीपीएम मावते. सापेक्ष आर्द्रता ८० टक्के म्हणजे जवळजवळ ३४ हजार. आम्ही पकडायला निघालो होतो ती वाफ शे-दोनशे पीपीएमची. आर्द्रता नुसती एका टक्क्याने हलली, तरी सव्वाचारशे पीपीएम पाणी इकडचं तिकडे होतं. पाण्याच्या एकेका रेणूचा परिणाम कमी असेल, पण एवढ्या गर्दीपुढे अल्कोहोलचं कोण ऐकणार? शिवाय पाणी दोन उलट्या गोष्टी करतं. धातूपाशी बसून प्रवाह उतरवतं, आणि फार दमट हवेत पृष्ठभागावर ओलसर पापुद्रा धरून गळतीचा प्रवाह वाढवतं. त्यामुळे आकडा कुठल्या बाजूला जाईल याचाही भरवसा नाही.

यावर वाटा आहेत. कड्याला लांब कार्बन साखळ्या जोडल्या तर थर तेलकट स्वभावाचा होतो. पाण्याला थारा कमी, टोल्युइनसारख्या वाफेला जास्त. असा थर क्वार्ट्झ स्फटिकावर चढवून वजनातला बारीक फरक मोजतात. अल्कोहोलचं जरा कठीण, कारण त्याच्याकडे पाण्यासारखाच ओ-एच गट आहे. तिथे वेगवेगळ्या धातूंचे दोन-तीन थर शेजारी ठेवून, जोडीला आर्द्रतामापक लावून हिशेब करावा लागतो.

सर म्हणतात, आधी कोरड्या हवेत तत्त्व सिद्ध करा, आर्द्रता नंतर बघू. तत्त्व समजायला कोरडी हवा हवीच, हे मला पटतं. पण आपल्या प्रोजेक्टमध्ये ते ‘नंतर’ कधी येतच नाही. सबमिशन होतं, बाइंडिंग होतं, संपलं. मग रिपोर्टात ‘ग्रामीण भागासाठी उपयुक्त’ लिहायचा हक्क आपल्याला कोणी दिला? उद्या अशी डबी खरंच कोणी विकली आणि तिच्या आकड्यावर व्यापाऱ्याने एखाद्या बाईचं पोतं परत पाठवलं, तर नुकसान आपलं होणार नाही, तिचं होईल.

म्हणून माझं मागणं एवढंच : सेन्सरच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये दमट हवेतलं एक तरी टेबल सक्तीचं करा, आणि व्हायवात पहिला प्रश्न त्यावर विचारा. महागडं उपकरण नको. घट्ट झाकणाच्या बरणीत मिठाचं संपृक्त पाणी घ्या, तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे. वरच्या बंद हवेत आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. सेन्सरचा शून्य तिथे लावा, मगच अल्कोहोल सोडा. मीठ मेसमध्ये मिळेल, मामा नाही म्हणणार नाहीत.

माझी बरणी रूममध्ये खिडकीत ठेवली आहे. ज्याला हवी त्याने घेऊन जा. फक्त परत देताना तुमच्या टेबलाची एक झेरॉक्स द्या, आकडे कसेही आलेले असोत.