पाण्याकाठचे दोन तास

रविवारी सुपेल्यात बाजाराची लगबग असते. जी. ई. रोडवर वाहनांची वर्दळ वाढते. अशा वेळी एखाद्या घराच्या ओसरीत सत्तरी ओलांडलेले वडील तेच वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचत बसलेले असतात. आत मुलगा आठवडाभराची साठलेली कामे उरकत असतो. दोघांत बोलणे होते ते एवढेच.

"बाबा, गोळी घेतली का?"

"घेतली."

भिलाईतल्या अनेक मराठी घरांचे हे चित्र आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याने देशभरातून माणसे ओढून आणली. गोंदिया, भंडारा, नागपूरकडूनही आणली. आयुष्य पाळ्यांत गेले. रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा झोपलेले असत आणि पोरे आवाज न करता खेळत. निवृत्तीनंतर कारखान्याचे क्वार्टर सुटले, बाहेर स्वतःचे घर झाले. आता वडिलांपाशी वेळच वेळ आहे, पण मुलापाशी तो नाही.

"या बाबा, बोलत बसू," असे म्हणून हा दुरावा मिटत नाही. त्या पिढीच्या पुरुषांना समोरासमोर बसून मन मोकळे करण्याची सवयच नाही. त्यांच्याबरोबर काहीतरी करावे लागते. तेही घराबाहेर आणि त्यांच्या आवडीचे.

भंडारा-गोंदियाचा मुलूख तलावांचा. तिथे वाढलेल्या माणसाने लहानपणी गळ टाकला नाही, असे क्वचितच घडते. छत्तीसगडातही गावोगाव तलाव आहेत. समजा, मुलाने एका शनिवारी सहज विचारले, "बाबा, तुमचा गळ कुठे आहे हो?" तर बघा काय होते! माळ्यावरची पिशवी खाली येते. आमिषासाठी कणीक किती घट्ट मळायची, यावर सुनेला सूचना दिल्या जातात. सकाळी हाक न मारताच वडील तयार होऊन दारात उभे असतात.

खरी परीक्षा पुढे असते. तलावाच्या पायऱ्या उतरताना त्यांचा पाय थरथरतो. गळाच्या बारीक छिद्रातून दोरा ओवला जात नाही. दोनदा, तीनदा प्रयत्न होतो. मग ते दुसरीकडे बघत म्हणतात, "जरा ओव रे."

एवढे दोन शब्द उच्चारायला त्यांना किती जड गेले असेल, हे मुलाने ओळखावे. "राहू द्या, आता तुम्हाला जमणार नाही," असे चुकूनही म्हणू नये. दोरा ओवावा आणि काठी पुन्हा त्यांच्याच हातात द्यावी. मदत करणे वेगळे आणि काम हातातून काढून घेणे वेगळे. म्हातारपणी माणूस खचतो तो या दुसऱ्या गोष्टीने.

दोघांचेही डोळे पाण्यावर असले की जीभ सैल होते. ऑपरेशनची वाटणारी भीती, घर बांधताना घेतलेले कर्ज, "तुझ्या शाळेत मी कधी आलो नाही" ही सल, हे सारे अशाच वेळी बाहेर पडते. मासा लागला नाही तरी ती फेरी फुकट जात नाही.

तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना किंवा ठेकेदारांना दिलेले असतात. म्हणून आधी परवानगी विचारावी. मासेमारी आवडत नसेल तर इतर मार्ग आहेत. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ मध्ये उभी राहिलेली मैत्रीबाग आहे. हिवाळ्यात तलावांवर उतरणारी बदके पाहता येतात. जुनी सायकल पुसून काढून पहाटेची एक फेरीही मारता येते. मुलगाच हवा असेही नाही. माहेरी आलेली लेक किंवा सुटीतला नातू हे काम तितकेच छान करतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार, पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तोल सांभाळण्याचा सरावही करावा. तलावापर्यंत चालत जाणे यात नक्कीच बसते. मात्र भिलाईचा उन्हाळा कडक. तेव्हा ऊन चढण्याआधी घरी परतावे. पाण्याची बाटली, औषधे, मधुमेह असल्यास थोडा खाऊ, न घसरणारी पादत्राणे आणि बसायला घडीची खुर्ची सोबत ठेवावी. मोबाइल खिशातच राहू द्यावा.

आईवडिलांच्या पालनपोषणासाठी २००७ मध्ये कायदा झाला. त्याच्या आधारे निर्वाहभत्ता मिळवता येतो, पण मुलाचा वेळ मिळवता येत नाही. तो मुलानेच द्यायचा असतो. पितृपक्षात वडिलांच्या आवडीचे पदार्थ आठवणीने करणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांच्या आवडीची एक सकाळ, ते असतानाच त्यांच्यासोबत घालवली तर?

येत्या रविवारी माळ्यावरची ती पिशवी खाली काढून तर बघा.