चार म्हणजे चौथी स्टेज नव्हे

रेडिओलॉजीच्या परीक्षेसाठी आम्ही मॅमोग्रामच्या केसेस बघून बायरॅड्सचे आकडे घोकतो. तीन म्हणजे कॅन्सरची शक्यता फार तर 2 टक्के, सहा महिन्यांनी परत फोटो. चार म्हणजे 2 ते 95 टक्क्यांच्या मधलं काहीही, तुकडा काढून तपासायचा. झालं, मार्क मिळाले! पण निपाणीत बिड्या वळणाऱ्या मावशीनं रिपोर्टवरचा ‘चार’ बघितला, तर तिला चौथी स्टेजच वाटणार. मग आता काय उपयोग, म्हणून ती घरीच बसेल. छातीत गाठ आहे हे बोलायलाच आपल्याकडच्या बायका किती लाजतात! म्हणून माझं मत, व्हायव्हात हेही विचारावं: हा आकडा मावशीला मराठीत कसा सांगाल? बेळगावात तर कन्नडमध्येही. “अजून कॅन्सर ठरलेला नाही मावशी, पण तुकडा तपासायलाच हवा.” एवढं बोलायला मिनिटही लागत नाही.